कोरडं पोतं

१

केळीच्या लांब पानावरचा भात चौघांनी चार बाजूंनी संपवत आणला, पण पाचव्या बाजूचा ढीग तसाच राहिला. त्यावरचा खारा मासा गारठला, मिरचीचा ठेचा धुक्याच्या ओलीने पाणचट झाला, आणि तो वाटा जिचा होता त्या नेंदेनचा पत्ता नव्हता.

"येईल हो," कांग दार्या म्हणाले. आपल्या हाताने त्यांनी तिच्या ढिगावर आणखी एक मासा ठेवला. "तरणी पोर आहे, रमली असेल कुठेतरी. तुम्ही जेवा, तेतेह."

नेंदेनची तेतेह, म्हणजे ताई, म्हणून इमासला इथे सगळेच तेतेह म्हणत. तिने उचललेला घास परत पानावर ठेवला. ती बांडुंगमधल्या एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. तिच्या चपलांचा आवाज आला की शंभरावर मुली पटापट दिवे मालवायच्या. पण ही बाई स्वतः कमालीची भित्री आहे, हे फक्त तिच्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. पाल, वीज, लिफ्ट, उंच जागा, रडणारं मांजर, कशाचंही तिला भय वाटायचं. सांगकुरचा डोंगर तिच्या गच्चीवरून रोज दिसायचा आणि तेवढी ओळख तिला पुरेशी होती. या खेपेला मात्र नेंदेन हट्टालाच पेटली. "एकदा वर ये, तेतेह. तुला एक सांगायचंय, आणि ते खाली सांगून कळणार नाही." इमासला वाटलं, लग्नाचं काहीतरी असेल. म्हणून ती जीव मुठीत धरून चढली होती.

नेंदेनचा गट डोंगर झाडणाऱ्यांचा. शनिवारी चढायचं, माळावर तंबू ठोकायचे, रविवारी सकाळी एकेक पोतं घेऊन वेगवेगळ्या वाटांनी पांगायचं, लोकांनी फेकलेला कचरा वेचायचा, दुपारी एकाच पानावर जेवायचं आणि उतरायचं. कांग दार्या, म्हणजे दार्यादादा, या गटाचे म्होरके. पन्नाशीचे, शांत, कधी आवाज चढवणार नाहीत. दुसऱ्या कुणाच्या खिशातून चॉकलेटचा कागद पडला तरी वाकून उचलणारे.

"ही पोरगी माझ्या हातचा लिवेत भात सोडून कुठे जायची नाही," चेउ कोकोम म्हणाली. ती सगळ्यांची चेउ, म्हणजे अक्का, आणि गटाची स्वयंपाकीण, तोंडाने फटकळ. पण या क्षणी तिचाही आवाज नेहमीचा नव्हता. "सकाळी माझ्याकडून करपलेल्या भाताची खरवड राखून ठेवायचं वचन घेऊन गेलीय."

चौथा रिझाल. गटातला तरणा पोरगा. उजवा हात खिशात घालून तो डाव्या हाताने पानावरचे कण गोळा करत होता. डाव्या हाताने जेवायची रीत आपल्यात नाही, म्हणून इमासची नजर तिथे गेली. खिशात शिरलेल्या त्या मनगटावर ताजे, लाल ओरखडे होते.



२

वनखात्याचा रखवालदार मांग ओडिंग, म्हणजे सगळ्यांचा ओडिंगकाका, झोपडीतून धावत आला तोवर धुकं तंबूंच्या दोरांना टेकलं होतं. त्याने वायरलेसवरून खाली कळवलं. खालून माणसं निघणार होती, पण त्यांना वर यायला संध्याकाळ होणार होती.

"रात्री इथे गवतावर बर्फाचा थर धरतो," मांग ओडिंग म्हणाला. "पोरीच्या अंगावर काय होतं?"

"पातळ जॅकेट. लाल," इमास म्हणाली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. जाडा कोट तंबूत होता. तो तिनेच घडी घालून ठेवला होता.

"ती कुठल्या वाटेने गेली ते कळलं तर बरं. वाटा तीन. कोण कुठे होतं?"

"मी इथेच माळावर," चेउ कोकोम म्हणाली. "माळ झाडला, चूल पेटवली. मी कुठे जाणार या गुडघ्यांनी?"

"मी माथ्याच्या धारेवर," कांग दार्या म्हणाले. "निघताना नेंदेन मला म्हणाली, 'कांग, आज मी धबधब्याकडे जाते.'"

"धबधब्याकडे तर मी होतो," रिझाल एकदम बोलला. "पार कुंडापर्यंत गेलो. ती नव्हती तिथे."

"धुकं होतं, बाळा. दिसली नसेल."

"सकाळी धुकं नव्हतं, कांग."

कांग दार्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडे, मग इमासकडे. नजर दुःखी होती, आणि त्या नजरेने सांगायचं ते सांगितलं. रिझालने दोन महिन्यांपूर्वी नेंदेनला मागणी घातली होती आणि तिने ती हसण्यावारी नेली होती, हे माळावर सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू इथेच थांब, रिझाल," कांग दार्या हलकेच म्हणाले. "मी आणि मांग ओडिंग धबधब्याकडे बघतो."

"तिसरी वाट?" इमासने विचारलं.

"ज्वालामुखीच्या जुन्या विवराची," कांग दार्या म्हणाले. "ती दरड कोसळल्यापासून बंद आहे, तेतेह. साखळी लावलीय. तिकडे कुणी जात नाही."

दोघं धुक्यात शिरले. त्यांच्या हाका थोडा वेळ ऐकू आल्या. नंतर काहीच नाही. इमासला तेव्हा सकाळची आठवण झाली. निघण्याआधी नेंदेनने तिला तंबूबाहेर उभं केलं होतं आणि म्हटलं होतं, "ऐक. काय ऐकू येतं?" इमासने कान दिला होता. "काही नाही," ती म्हणाली होती. "तेच," नेंदेन म्हणाली होती. "आल्यावर सांगते."

इमासला त्या वेळी गारठ्याचीच काळजी होती. बहिणीला थंडी बाधू नये म्हणून तिने पर्समधून मध-आल्याच्या पातळ औषधाची पुडी काढून तिच्या हातात कोंबली होती. वसतिगृहातल्या औषधपेटीची पुडी. मुली त्या पळवतात, म्हणून इमास प्रत्येक पुडीच्या कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देते. नेंदेन तो ठिपका बघून खो-खो हसली होती. "मी काय तुझ्या हॉस्टेलातली चोर आहे का गं?"

"नेंग, पोरी," चेउ कोकोमने तिच्या खांद्यावर हात ठेवला, "मी झऱ्यावरून पाणी आणते. गरम पाण्याची पिशवी भरून ठेवू, पोर आली की लागेल. तू बस."

ती भांडं घेऊन गेली, आणि माळावर इमास आणि रिझाल दोघंच उरले.

३

इमासची पाचावर धारण बसली. रिझाल विझत्या चुलीपाशी बसला होता. एक हात अजून खिशात. मध्येच उठायचा, दोन पावलं धुक्यात जायचा, परत यायचा. प्रत्येक वेळी इमासला वाटायचं, या खेपेला तो चुलीकडे न जाता आपल्याकडे येईल.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे तिला कळत होतं. पण हा राक्षस तिच्यापासून चार हातांवर बसला होता आणि त्याचे ओरखडे खरे होते. ओरडून उपयोग नव्हता. पळावं तर वाट माहीत नाही. तिने वसतिगृहात जे केलं असतं तेच केलं. पाठ ताठ केली आणि आवाज कडक केला.

"रिझाल. खिशात काय आहे?"

तो दचकला. "काही नाही, तेतेह."

"'काही नाही' म्हणणाऱ्या मुली मी रोज बघते. हात बाहेर काढ."

रिझाल उभा राहिला. सावकाश तिच्याकडे आला. इमासने तंबूची खुंटी मागच्या मागे मुठीत धरली आणि मनातल्या मनात कलमा म्हटला. त्याने हात बाहेर काढला, मूठ उघडली. रानकेळीच्या पानाची पुरचुंडी होती. तिच्यात चिरडलेली, लालभडक रानफळं.

"कुंडापाशी काटेरी झुडपं आहेत," तो म्हणाला. "तिला आवडतात. मला वाटलं, जेवणानंतर द्यावीत. चेउ कोकोमसमोर काढली असती तर तिने वर्षभर मला जगू दिलं नसतं." त्याने पुरचुंडी पुन्हा मिटली. "तेतेह, ती तिथे नव्हती हो. मी खोटं कशाला बोलू? तिला उगाच तिकडे शोधतायत. वेळ चाललाय."

इमासने खुंटी खाली ठेवली. तिला स्वतःच्या संशयाची लाज वाटली आणि त्याची दयाही आली. पण विश्वास? रानफळं खरी असली म्हणून माणूस खरा ठरत नाही. आणि तो खरा असेल तर त्याहून वाईट. मग दुसरं कुणीतरी खोटं बोलत होतं.

४

घाबरलं की इमासचे हात काम शोधतात. तंबूंच्या आडोशाला सकाळची तीन प्लास्टिकची पोती रांगेत होती. चौथं, नेंदेनचं, नव्हतं. ती पोत्यांपाशी गुडघ्यांवर बसली.

वसतिगृहातल्या कचऱ्याच्या टोपल्या ती रोज स्वतः बघते. हाताखालच्या बायका हसतात, पण मुलींच्या चेहऱ्यापेक्षा टोपलीवर इमासचा विश्वास जास्त. कोण उपाशी राहतेय, कोण चोरून सिगरेट ओढतेय, कोण घरून आलेली पत्रं न वाचता फाडतेय, हे तिला टोपलीवरून कळतं. आणि एक गोष्ट ती पक्की शिकली होती. जिला काही लपवायचं असतं तिची टोपली कधी रिकामी नसते. ती वर स्वच्छ, कोरे कागद चुरगाळून टाकते.

तिने रिझालचं पोतं उपडं केलं. शाम्पूच्या पुड्या, नूडल्सचे पेले, लहान मुलाचा एक लंगोट. सगळं काळ्या चिखलाने माखलेलं, पाण्याने निथळणारं. धबधब्यावर सहलीला आलेल्यांचाच कचरा होता तो. पोरगा खरोखर तिकडे गेला होता.

चेउ कोकोमचं पोतं. सिगरेटची थोटकं, फुगे, केळीची पानं. तेही दवाने चिंब.

तिसरं कांग दार्यांचं. सगळ्यांत भरगच्च, तोंड करकचून बांधलेलं. इमासने गाठ सोडली आणि आत हात घातला.

हात कोरडा राहिला.

तिने आणखी खोल घातला. बिस्किटांची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, रंग उडालेले कागद. सगळं खडखडीत कोरडं. पहाटेपासून डोंगरावरचं पातं न् पातं ओलं होतं. पाच पावलं चाललं तर पायजमा गुडघ्यापर्यंत भिजत होता. आणि या माणसाने सकाळभर धारेवरून कचरा वेचला, तर एक कागदही ओला नाही?

"रिझाल, इकडे ये," ती म्हणाली. "हा कचरा या डोंगरावरचा नाही."

"म्हणजे?"

"हा शहरातून भरून आणलाय. पाठपिशवीत दाबून. इथे आल्यावर पोत्यात ओतला. त्यांनी आज सकाळी कचरा वेचलाच नाही."

रिझाल हसायला गेला, पण हसू मध्येच थांबलं. "तेतेह, ते कांग आहेत. गटात दर खेपेला सगळ्यांत जड पोतं त्यांचंच असतं."

"असणारच," इमास म्हणाली.

हात बाहेर काढताना तिच्या बोटांना काहीतरी गार, ओलं लागलं. अख्ख्या पोत्यात ओली अशी ती एकच वस्तू होती, आणि ती अगदी वर होती, म्हणजे शेवटी टाकलेली. औषधाची रिकामी पुडी. पुडीची बारीक सुरळी करून तिला गाठ मारलेली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांची आई कागदाला अशी गाठ मारायची, आणि आई गेल्यावर सगळ्या जगात फक्त दोघी बहिणी मारत होत्या. इमासने नखांनी गाठ उकलली. कोपऱ्यावर लाल ठिपका होता. आणि घडीत पिवळसर पांढरी माती, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारी.

झऱ्यावरून आलेल्या चेउ कोकोमने ती माती हुंगली आणि तिच्या हातातलं भांडं कलंडलं.

"ही विवराच्या वाटेवरची. साखळीच्या पलीकडची. बाकी सगळा डोंगर काळा आहे."

"नेंदेन अशी पुडी वाटेत फेकेल?" इमासने विचारलं.

"नेंदेन? जीभ कापून देईल, पण कागद टाकायची नाही."

"मग तिने टाकली ती मुद्दामच." इमासला आपलाच आवाज लांबून ऐकू आला. "साखळी ओलांडताना टाकली. ती कुणाच्या तरी मागे चालली होती आणि तिला भीती वाटत होती. तिला ठाऊक होतं, तुमच्यापैकी कुणालाही त्या बंद वाटेवर ताजा कागद दिसला तर तो थबकेल. आणि तो दिसला कांगांना. परत येताना."

"आणि सवयीने उचलला," रिझाल पुटपुटला.

त्याच क्षणी धुक्यातून पावलं वाजली. एकाच माणसाची.

५

"मांग ओडिंग कुंडात काठी घालून बघतोय," कांग दार्या म्हणाले. त्यांचा चेहरा ओला होता, धुक्याने की आणखी कशाने ते कळत नव्हतं. "मी म्हटलं, तुम्हाला आधी खाली पोचवावं. अंधार पडला तर आणखी एखादा जीव जायचा. चला तेतेह, सामान राहू द्या, नंतर..."

मग त्यांना आपलं उघडं पोतं दिसलं.

इमासला वाटत होतं, आता आपली बोबडी वळणार. ती उठली नाही, बसूनच राहिली. पण पळून जायला तिच्याकडे जागा नव्हती आणि नेंदेनकडे वेळ नव्हता. तिने पोत्याची दोन्ही टोकं धरली आणि सगळा कचरा ओल्या गवतावर ओतला.

"कांग, हे सगळं कोरडं कसं?"

"मी... झाडाखालचा..."

"आज झाडाखालीही कोरडं नाही. बरं, हे राहू द्या. ही पुडी कुठे मिळाली?"

त्यांनी पुडीकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "मिळाली असेल धारेवर. अशा पुड्या सगळेच पितात."

"हा ठिपका मी लावलाय. माझ्या पर्समधली आहे ही. काल चढताना चेउ कोकोमला एक दिली, ती तिने चुलीत टाकली. दुसरी आज सकाळी नेंदेनला दिली. तुमच्या म्हणण्यानं ती धबधब्याकडे गेली आणि तुम्ही धारेवर. मग तिच्या तोंडची पुडी तुमच्या पोत्यात कशी? आणि तिला विवराची माती कशी?"

वारा आला. एक पाकीट घरंगळत निघालं. कांग दार्या खाली वाकले आणि त्यांनी ते उचललं. मग दुसरं. मग तिसरं. सगळे बघत होते आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. बोटं आपोआप चालत होती.

"कांग," चेउ कोकोम रडवेल्या आवाजात ओरडली, "ठेवा ते खाली! अहो, ठेवा!"

त्यांचे हात थांबले. ते गवतावर बसले.

"काय करत होता तिथे?" इमासने विचारलं. उत्तर तिला सुचत चाललं होतं. सकाळी नेंदेनने काय ऐकवलं होतं ते आत्ता तिला ऐकू येत होतं. "या डोंगरावर एकही पाखरू का बोलत नाही, कांग?"

चेउ कोकोमने तोंडावर हात घेतला. "तुमच्या ओसरीवरचे पिंजरे! मी तर म्हणायची, कांगांकडे माणसांपेक्षा पिंजरे जास्त. दर महिन्याला नवा गाणारा पक्षी. तुम्ही म्हणायचात, बाजारातून आणतो."

"सुरुवातीला बाजारातूनच आणायचो," कांग दार्या म्हणाले. आवाज तसाच हळू, तसाच मऊ. त्या मऊपणाचीच इमासला जास्त भीती वाटली. "मग ऐकून चटक लागते. मागणारेही भेटतात. तिकडे कुणी येत नाही, म्हणून जाळी तिथे लावली. आज ही मागून आली. फोनवर फोटो काढायला लागली. मी फक्त फोन मागितला, तेतेह. ती मागे सरकली आणि कडा सुटला. मी ढकललं नाही. अल्लाची शपथ, हात नाही लावला."

"ती पडली आणि तुम्ही येऊन भात खाल्लात," रिझाल म्हणाला. त्याने त्यांची कॉलर धरली होती. "तिच्या वाट्यावर मासा वाढलात!"

"सोड त्यांना!" इमास किंचाळली. "कांग, ती जिवंत आहे?"

"मी वरून हाका मारल्या. गोड बोलून मारल्या. आधी ओ देत होती. मग थांबली."

"शेवटची ओ कधी दिली?"

त्यांनी हातातलं पाकीट घडी घालून खिशात ठेवलं.

६

मांग ओडिंगला शिट्टी मारून बोलावायला आणि कांगांपाशी बसायला चेउ कोकोम मागे राहिली. हातात तिने भात ढवळायचा लाकडी पळा घेतला होता. कांग हलतील असं दिसत नव्हतं, पण हलले असते तर तिने तो वापरला असता.

रिझालने दोर आणि जाडा कोट घेतला. साखळी ओलांडताना इमासने देवाची दहा वेळा क्षमा मागितली. कुठल्या चुकीची ते तिलाही कळलं नाही. वाट एका पावलाएवढी होती. डावीकडे भिंत, उजवीकडे पांढरं धुकं, आणि धुक्याखाली काय होतं ते बघायची तिची छाती नव्हती. ती भिंतीला पोट घासत, बाजूबाजूने चालली. पिवळी माती पायाखाली सुटत होती आणि तिचे दगड खाली पडल्याचा आवाज खूप उशिरा येत होता.

झाडी लागली. पुढे एका फांदीवर पाच-सहा कापडी पिशव्या टांगल्या होत्या आणि त्या आपल्या आपण हलत होत्या. इमासच्या घशातून आवाज निघाला. रिझालने एका पिशवीचं तोंड सोडलं. आतून काहीतरी फडफडत तिच्या गालाला घासून गेलं आणि धुक्यात नाहीसं झालं. पलीकडे दोन बांबूंमध्ये केसासारखी बारीक जाळी फाटून लोंबत होती. तिच्या पायथ्याशी कडा नुकताच तुटला होता.

"नेंदेन!" रिझालने हाक मारली. "नेंदेन! ओ दे!"

उत्तर आलं नाही.

त्याने पुन्हा मारली. पुन्हा. आवाज फाटेपर्यंत. उजेड कमी होत चालला होता आणि गारठा बोटांत शिरला होता. शेवटी तो खालीच बसला. "उशीर झाला, तेतेह," तो म्हणाला आणि त्याने तोंड गुडघ्यांत घातलं.

इमास त्या तुटलेल्या कड्यापासून दोन हात लांब उभी होती. तिचं सगळं अंग सांगत होतं, मागे फिर. तिला वाटलं, आपणही बसावं आणि रडावं. पण आधी ओ देत होती, मग थांबली, हे शब्द तिच्या डोक्यातून जात नव्हते. मेलेला माणूस थांबतो तसं थांबणं असेल ते. किंवा दुसऱ्या तऱ्हेचंही असेल. हाक मारणारा कोण आहे हे ज्या मुलीला नीट ठाऊक आहे, आणि तो आपण अजून जिवंत आहोत का हेच विचारतोय हेही ठाऊक आहे, ती मुलगी काय करील? वसतिगृहात रात्री दारावर नको तो माणूस आला, तर इमासच मुलींना सांगते की आतून आवाज करू नका.

ती पोटावर आडवी झाली आणि कडेपर्यंत सरपटत गेली.

"नेंदेन," ती ओरडली नाही, नुसती बोलली. "ओ देऊ नकोस. नुसतं ऐक. मी आहे. तुला वाटेल कुणीतरी मला पुढे करून बोलायला लावतंय. तसं नाही. मला फार भीती वाटतेय गं. इथून खाली बघवत नाहीये. दुपारपासून मला पाणीसुद्धा गिळवलं नाही. तू नाहीस तर मी घरी जाऊन दिवा कुणासाठी लावू? मला सांगता येत नाही असं बोलायला, तुला माहितेय. रागावता येतं फक्त. तर रागावते असं समज. पण काहीतरी कर."

खालून काही आलं नाही. मग एक दगड दगडावर वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

रिझालने डोकं वर केलं. इमासने हात करून त्याला गप्प बसवलं.

"तेतेह?" खालून आवाज आला. चिरका, जवळजवळ ओळखू न येणारा. "तो आहे तिथे?"

"नाही. रिझाल आहे. मांग ओडिंग येतोय."

"शपथ?"

"आईची शपथ."

आणि मग सकाळपासून तोंडावर हात दाबून दगडाआड पडून राहिलेली ती मुलगी मोठ्याने रडायला लागली. लहान पोरासारखी, गळा काढून, कशाचीही पर्वा न करता. त्या रडण्याने दरी भरून गेली. रिझाल दोर सोडवता सोडवता हसत होता आणि त्याच्या गाठी चुकत होत्या.

"पाय मोडलाय," रडण्यातून शब्द आले. "उभं राहता येत नाही. तू येऊ नकोस हं, तेतेह. तुला नाही जमायचं."

"मला कुठे जमतंय," इमास म्हणाली. तिचे दात वाजत होते. तिने जाडा कोट कमरेला बांधला, दोराचं टोक रिझालच्या हातून ओढून घेतलं, आणि त्याने झाडाला नीट गाठ मारायच्या आतच एक पाय कड्यावरून खाली सोडला.